पार्श्वभूमी : कॅन्सरच्या वॉर्डात समुपदेशक कुठून आला?

कॅन्सरचं निदान झालं की आज अनेक रुग्णालयांत औषधोपचाराच्या कागदांबरोबर समुपदेशकाची वेळही दिली जाते. ही सोय फार जुनी नाही. साठेक वर्षांपूर्वी ती शक्यही नव्हती, कारण आपल्याला नेमकं काय झालंय हे बहुतेक रुग्णांना कोणी सांगतच नसे. ज्याला आजाराचं नावच ठाऊक नाही, त्याच्याशी भीतीबद्दल बोलणार तरी काय?

1961 साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या डॉक्टरांना विचारलं, की तुम्ही रुग्णाला कॅन्सर झाल्याचं सांगता का? सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. 'गाठ आहे', 'सूज आहे' असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची आणि खरं काय ते घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचं, ही रीत. पेशंट हाय खाईल, हे कारण. 1979 मध्ये अमेरिकेत तीच प्रश्नावली पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवली गेली, तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत मत पार उलटलं. उपचार सुधारले होते, रुग्णाचे हक्क आणि त्याची संमती यांवर चर्चा होऊ लागली होती आणि रुग्ण स्वतःही बोलू लागले होते. माझ्या मते यातलं तिसरं कारण सगळ्यांत वजनदार.

टेरेस लॅसर यांचंच पाहा. 1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचा स्तन शस्त्रक्रियेने काढला गेला. त्या काळच्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही काढत, त्यामुळे हात वर करणंही जड जाई. व्यायाम कोणते करायचे, कपडे कसे बेतायचे, नवऱ्यासमोर कसं जायचं, यातलं काहीच कोणी सांगेना. लॅसर बऱ्या झाल्या आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना भेटायला वॉर्डात जाऊ लागल्या. हातात एक छोटी पिशवी असे. तीत व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, आणि आतून लावायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. सगळ्याच डॉक्टरांना हे रुचलं नाही. पण ज्या बाईला हे सगळं सोसून झालंय, ती समोर धडधाकट बसलेली दिसणं, हाच तिथला खरा आधार होता. 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला.

याच सुमारास कॅन्सरशी काही संबंध नसलेला दुसरा एक प्रवाह वाहत होता. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स 1942 पासून मांडत होते, की सल्ल्यांचा मारा नको. समोरच्याचं नीट, त्याला न तोलता ऐकलं तर वाट त्याची त्यालाच सापडते. लंडनमध्ये चॅड वराह या पाद्र्याने 1953 मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी चर्चमधून फोनसेवा सुरू केली. माणसं प्रत्यक्षही येत. त्यांना थांबावं लागे, तेवढा वेळ स्वयंसेवक त्यांना चहा देऊन जवळ बसत. थोड्याच दिवसांत वराह यांच्या ध्यानात आलं, की बरेच जण त्यांना न भेटताच हलके होऊन परत जातात. मग फोनवर ऐकण्याचं कामही त्यांनी स्वयंसेवकांकडेच दिलं. आज जगभर चालणाऱ्या हेल्पलाइनचा वारसा या चर्चपर्यंत जातो. मोडकळीला आलेले संसार आणि जोडीदार गमावलेली माणसं यांच्यासाठीही ब्रिटनमध्ये त्याआधी-नंतर संस्था उभ्या राहिल्या.

हे दोन प्रवाह रुग्णालयात एकत्र आले ते सत्तरच्या दशकात. 1967 मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्र, सुरू केलं होतं. शेवटच्या टप्प्यातली वेदना शरीरापुरती नसते. पैशाची काळजी, घरातले ताण, श्रद्धेची पडझड हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं. 1969 मध्ये एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मरणाला सामोरं जाण्याचे पाच टप्पे मांडले : नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार. ते इतके गाजले, की रुग्ण चिडला नाही तर 'अजून रागाचा टप्पा यायचाय' असं लोक म्हणू लागले. माणसं अशी ओळीने दुःख करत नाहीत, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण मरणाऱ्याशी मरणाबद्दल बोलता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं आणि ते टिकलं.

मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांचे पती कॅन्सरतज्ज्ञ होते. तुम्ही रुग्णाला सगळं विचारता, त्याला काय वाटतं हे कधी विचारत नाही, असं त्या त्यांना म्हणत. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात जिमी यांनी कॅन्सर रुग्णांसाठी पूर्ण वेळ मानसोपचार सेवा उभी केली आणि या कामाची स्वतंत्र विद्याशाखा झाली.

या वाटेवर एक घसरणही झाली. 'खचलेल्या मनालाच कॅन्सर होतो', 'सकारात्मक राहा, बरे व्हाल' अशा कल्पनांना सत्तर-ऐंशीच्या दशकांत भलताच जोर आला. स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या अमेरिकन लेखिका सुसान सॉन्टॅग यांनी 1978 मध्येच बजावलं होतं, की यातून आजाराचं खापर रुग्णाच्याच माथी फुटतं. 1989 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात, आधारगटात (रुग्णांनी एकत्र बसून बोलायच्या गटात) आलेल्या, स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या स्त्रिया सरासरी दीड वर्ष जास्त जगल्याचं दिसलं आणि मोठा गाजावाजा झाला. 2001 मध्ये 235 स्त्रियांवरच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मात्र मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. स्पीगल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही एकंदरीत आयुष्य वाढलं नाही. मला तर त्रास आणि वेदना कमी झाल्याचा निष्कर्षच जास्त मोलाचा वाटतो. बोलण्याने आयुष्य वाढायलाच हवं, ही अट कशाला?

रुग्णालयाबाहेरही जागा तयार होत होत्या. स्कॉटलंडच्या लेखिका आणि उद्यानरचनाकार मॅगी केसविक जेंक्स यांना 1993 मध्ये कॅन्सर उलटल्याचं सांगितलं गेलं, हाती दोन-तीन महिने असल्याचंही, आणि नंतर खिडकी नसलेल्या बोळात बसवलं गेलं. त्या 1995 पर्यंत जगल्या आणि त्या काळात त्यांनी रुग्णालयाच्या आवारातच, पण घरासारख्या, केंद्राची आखणी केली. ते 1996 मध्ये एडिंबरोत एका जुन्या तबेल्यात सुरू झालं. मधोमध स्वयंपाकघराचं टेबल. नाव न नोंदवता कोणीही येऊन बसावं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा कागद पुढे आणला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली 0, वर 10. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, तिथे खूण करायची. शेजारी यादी : मुलांना कोण सांभाळणार, घर, पैसे, नोकरी, जोडीदार, भीती, झोप, देवावरचा विश्वास. खूण 4 किंवा वर गेली तर पुढे चौकशी करायची. ही यादी वाचली की कॅन्सर आणि घर, पैसे, नाती अशा 'इतर अडचणी' काही समुपदेशन केंद्रांत एकत्रच का हाताळल्या जातात ते कळतं. आजार येण्याआधीचं कर्ज, भांडणं, घटस्फोट आजाराबरोबर सुट्टीवर जात नाहीत. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या माणसाची यादीही थोड्याफार फरकाने हीच असते, फक्त त्याच्या हातात हा कागद क्वचितच दिला जातो. शिवाय नुसता कागद भरून घेतल्याने त्रास फारसा कमी होत नाही. पुढे पाठवायला माणूस लागतो, आणि अनेक रुग्णालयांत अजून तोच नाही.