परिचर्या-शिक्षणातील ताण

परिचारिकेचे शिक्षण घेताना, मुख्यतः वॉर्डातील प्रत्यक्ष कामात, विद्यार्थ्यांवर येणारा ताण व त्याला तोंड देण्याच्या त्यांच्या रीती.

‘ताण’ या संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. शरीरशास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांच्या १९३६ मधील ‘नेचर’ नियतकालिकातील टिपणाकडे सामान्यतः तिचे जनकत्व जाते. पण त्या टिपणाच्या शीर्षकात ‘स्ट्रेस’ (ताण) हा शब्द नाही, ‘अपायकारक घटक’ असे शब्द आहेत. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी ‘लढा किंवा पळा’ या संकटसमयीच्या शारीरिक प्रतिसादाचे केलेले विवेचन त्याहून सुमारे वीस वर्षांनी जुने आहे. मूळ इंग्रजी संज्ञेसाठी मराठी भौतिकीत ‘प्रतिबल’ हा शब्द असून ‘ताण’ तेथे दोरीतील ओढीसाठी वापरतात. मानसशास्त्रात मात्र ‘ताण’च रुळला. परिचर्येच्या संदर्भात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस व सूझन फोकमन यांची मांडणी (१९८४) अधिक उपयुक्त वाटते. प्रसंग आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे व्यक्तीला वाटले की ताण निर्माण होतो, असे त्यांचे म्हणणे. पहिले इंजेक्शन देताना हात थरथरतो, नातेवाईक टक लावून पाहत असतात, मागे इंचार्ज सिस्टर उभ्या असतात. इंजेक्शनचा तोच ट्रे तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी सहज हाताळते.

तैवानमध्ये १९९० नंतरच्या दशकात तयार झालेली, विद्यार्थ्यांचा ताण मोजणारी २९ विधानांची मापनश्रेणी अनेक देशांत वापरली जाते. रुग्णसेवा, शिक्षक व वॉर्डातील कर्मचारी, अभ्यासाचा बोजा, सहाध्यायी व रोजचे जीवन, अपुरे ज्ञान-कौशल्य आणि रुग्णालयातील वातावरण असे ताणाचे सहा स्रोत तीत धरले आहेत.

मात्र या मोजमापात व्यवस्थेचा वाटा झाकला जातो. मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस यांचा लंडनमधील एका रुग्णालयाचा अभ्यास (१९५९-६०च्या सुमारास प्रसिद्ध) म्हणूनच आजही महत्त्वाचा ठरतो. तेथील सुमारे ७०० परिचारिकांपैकी जेमतेम १५० प्रशिक्षित होत्या, बाकी सगळ्या विद्यार्थिनी. रुग्णालय चालत होते ते त्यांच्या जिवावर. कामांच्या याद्या, सतत होणाऱ्या बदल्या, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखणे या प्रथा चिंतेपासून बचावासाठी रूढ झाल्या होत्या. मेंझीस यांच्या मते या प्रथांनी चिंता कमी झाली नाही, उलट वाढली. सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत.

भारतात जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा व बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पुस्तक आणि केस शीट इंग्रजीत, तर रुग्णाची तक्रार मराठीत किंवा अहिराणीत, असा दुहेरी भार पडतो.

सामना करण्याच्या रीतींत टाळणे, प्रश्न सोडवणे, आशावादी राहणे व मन दुसरीकडे वळवणे असे प्रकार मानतात. प्रत्यक्षात सर्वांत मोठा आधार वसतिगृहातील खोलीसोबतिणींचा असतो. वॉर्डातील पहिला मृत्यू ही यातील कठीण वेळ. मृतदेहाची शेवटची परिचर्या ‘प्रोसिजर’ म्हणून शिकवतात: नाकाकानात कापूस, हनुवटीला पट्टी, नावाचे लेबल. ती आटोपून त्याच विद्यार्थिनीला शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे बीपी घ्यायचे असते. अशा वेळी ट्युटरने तिला पाच मिनिटे बाजूला बसवून बोलते करावे, यासाठी पोस्टिंगच्या (वॉर्डातील नेमणुकीच्या) वेळापत्रकात सहसा जागा नसते.