लॉ कॉलेजचे कक्ष आणि पीएलव्हीचा अर्ज: कुठे, कसा, काय जोडायचं

गोव्यात मिरामारचं साळगावकर असो की मडगावचं कारे, लॉ कॉलेजात प्रवेश घेतला की मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला), वादविवाद, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) ही नावं कानावर पडायला लागतात. बहुतेकांचं काम कॉलेजातच उरकतं: नोटीस लागली की प्रभारी प्राध्यापकांकडे नाव द्यायचं, मूटला सहसा आधी अंतर्गत फेरी. एनएसएसला वर्षाचे 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचं शिबिर.

लोकांना कायद्याची मोफत मदत करणाऱ्या विधी साहाय्य कक्षाची गोष्ट निराळी. इथून पुढे पॅरालीगल व्हॉलंटियर (पीएलव्ही), म्हणजे लोकांना कायद्याची प्राथमिक मदत करणारा स्वयंसेवक, होता येतं, आणि माझ्या मते कायदा शिकायची याहून चांगली जागा नाही. पण तो अर्ज कॉलेजला नव्हे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला करायचा. उत्तर गोव्याचं वेगळं, दक्षिणेचं वेगळं. आपण राहतो तो जिल्हा बघून जा.

शिक्षणाची अट दहावीची. कायद्याचे विद्यार्थी वकिलीची सनद घेईपर्यंत चालतात. राजकीय पक्षाचा सक्रिय सदस्य मात्र चालत नाही, तेव्हा निवडणुकीत पक्षाचा झेंडा घेऊन फिरणाऱ्यांनी आधी विचार करावा. अर्जासोबत दहावीची गुणपत्रिका, आधार, राहण्याचा पुरावा, पासपोर्ट फोटो आणि कॉलेजचं बोनाफाईड तयार ठेवा. निवड झाली की प्रशिक्षण, मग ओळखपत्र. मानधन प्राधिकरण देतं. पक्षकाराकडून चहाचे पैसेसुद्धा घ्यायचे नाहीत.

खरी परीक्षा मदतीच्या टेबलावर होते. समजा, सत्तरी तालुक्यातली एक बाई मामलेदाराची नोटीस घेऊन येते, मुंडकारीचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या हक्काचा) वाद आहे. नवखा पीएलव्ही लगेच उत्पन्नाचा दाखला मागतो. चूक! विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची मर्यादा नाहीच. दाखला लागतो तो फक्त उत्पन्नाच्या आधारावर मदत मागणाऱ्याला. तिला लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं अर्जात उतरवा, वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. नोटिशीवरची पुढची तारीख सगळ्यात आधी बघा.

हजेरीचंही बघा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला 70 टक्के लागतात, आणि पीएलव्हीचं काम त्यात आपोआप धरलं जात नाही. शिबिराला जाण्याआधी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या.