मोठे टायर बसवल्यावर ट्रकच्या स्पीडोमीटरचे कॅलिब्रेशन: कोणाला लागते, कागदपत्रे आणि प्रक्रिया

टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत ट्रक जास्त अंतर कापतो, पण स्पीडोमीटर जुन्याच घेरावर हिशेब करत राहतो. २९५/८० आर २२.५ (रुंदी मिमीमध्ये / रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची, मग रिमचा व्यास इंचांत) या साइजच्या जागी ३१५/८० आर २२.५ बसवला तर बाहेरचा व्यास सुमारे १०४४ मिमीवरून १०७६ मिमीवर जातो, म्हणजे ३ टक्के वाढ. काटा ८० वर असतो तेव्हा ट्रक साधारण ८२.५ ने पळत असतो. फरक छोटा वाटतो, पण चूक नको त्या बाजूची आहे. स्पीडोमीटरसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, कमी मात्र कधीच नाही.

कोणाला लागते?

टायरचा साइज बदलला किंवा डिफरन्शियलचे (इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गिअरसंचाचे) गुणोत्तर बदलले, तर कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर नव्या घेराशी जुळवणे, करून घ्यायलाच हवे. त्याच साइजचे नवे टायर टाकले असतील तर एरवी गरज नसते. टॅकोग्राफ (वेग, अंतर आणि चालवण्याच्या वेळेची नोंद ठेवणारे यंत्र) किंवा स्पीड लिमिटर (ठरावीक वेगापुढे ट्रक जाऊ न देणारे उपकरण) असलेल्या ट्रकला नुसता काटा जुळवून भागत नाही, कारण ही उपकरणेही त्याच घेरावर चालतात. युरोपीय संघात टॅकोग्राफची तपासणी दर दोन वर्षांनी होतेच, पण टायरचा घेर बदलला की ती मुदत संपायची वाट पाहता येत नाही. तिथे टॅकोग्राफ बसवताना त्याच्या अंतराच्या नोंदीत २ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. वरच्या उदाहरणातला टायर एकटाच ती मर्यादा ओलांडतो.

कागदपत्रे

वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, टायरचे बिल (साइज आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो याचा क्रमांक, लिहिलेले) आणि आधीचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र जवळ ठेवा. गाडी चालक नेणार असेल तर मालकाचे पत्र द्या. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे वाहन उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या टायरांची यादी. हा साइज त्यात नसेल तर आधी नोंदणी कार्यालयात बदलाच्या मंजुरीचे विचारा, टायर नंतर घ्या. उलट क्रमाने गेलात तर महागडे टायर हातात आणि परवानगी नाही, अशी अवस्था होते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

काम कसे होते?

जाण्यापूर्वी घेर स्वतः मोजा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. हवा बरोबर भरा, सपाट जमिनीवर टायरच्या तळाशी आणि जमिनीवर खडूने खूण करा, ट्रक सरळ पुढे ढकलत चाकाच्या दहा फेऱ्या होऊ द्या, पुन्हा जमिनीवर खूण करा आणि टेपने मोजून दहाने भागा. व्यासावरून काढलेल्या आकड्यापेक्षा हा थोडा कमी येईल, कारण वजनाने टायर खाली दबतो. खरा आकडा हाच. टायर १२ मिमी झिजला की घेर सुमारे ७५ मिमीने घटतो, म्हणून नव्या टायरचे माप झिजलेल्याला लावू नका.

कार्यशाळेत इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटरमध्ये नवा घेर किंवा किलोमीटरमागचे पल्स (चाक फिरताना सेन्सरकडून येणारे विद्युत संकेत) भरतात. जुन्या केबलच्या मीटरला गिअर बदलावा लागतो. टॅकोग्राफला हात फक्त अधिकृत कार्यशाळेनेच लावायचा. त्याचे सील तुटतात आणि पुन्हा लागतात, त्याची नोंद राहते. नंतर नवी पट्टी चिकटवतात. तिच्यावर टायरचा साइज, घेर आणि तारीख असते. ती पट्टी तिथेच उभे राहून वाचा. टायरच्या बाजूवर कोरलेला साइज आणि पट्टीवरचा साइज जुळायलाच हवा.

ओडोमीटरचा आकडा कामाआधी लिहून त्यावर तारीख टाका आणि कार्यशाळेचा शिक्का घ्या. कॅलिब्रेशनने मागचे किलोमीटर दुरुस्त होत नाहीत. मोठ्या टायरवर मीटरने १ लाख किमी दाखवले असतील तर ट्रक प्रत्यक्षात सुमारे १ लाख ३ हजार किमी धावलेला असतो, आणि ऑइल बदलाचा हिशेबही तेवढाच मागे पडलेला असतो. शेवटी मोकळ्या सपाट रस्त्यावर, वेगमर्यादा पाळून, ४०, ६० आणि ८० ला स्थिर वेगात जीपीएसशी काटा ताडून पाहा. सोबत दुसरा माणूस घ्या, म्हणजे चालकाला फोनकडे बघावे लागणार नाही.