"तिकडे कोण कोण आलं होतं?"

रविवारी संध्याकाळी मुलगी बाबांकडून परत येते. चपला काढते न काढते, तोच आई विचारते, "तिकडे कोण कोण आलं होतं?" प्रश्न साधाच. पण नऊ वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं, की खरं सांगितलं तर आईला लागेल आणि लपवलं तर आपण खोटारडे ठरू. ती म्हणते, "कुणी नाही."

घटस्फोटाहून हे मधे सापडणं मुलांना जास्त जड जातं. १९९१ मध्ये पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ या अमेरिकी संशोधकांनी ९२ अभ्यासांतल्या १३,००० हून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. विभक्त घरांतली मुलं अभ्यासात, वागणुकीत सरासरीने मागे होती खरी, पण फरक थोडा होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पाचशेहून अधिक किशोरवयीन मुलांचा एक अभ्यास आला. आपण आईबाबांच्या कात्रीत सापडलोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात उदासी जास्त दिसली. आणि आईबाबांचं आपसात जितकं वैर, तितकं हे वाटणं जास्त.

"मुलांसाठी तरी एकत्र राहा," असं नातेवाईक हमखास सांगतात. अमाटो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की सतत कडाक्याची भांडणं होणाऱ्या घरांतली मुलं आईबाप वेगळे झाल्यावर पुढे जास्त बरी राहिली. वरवर शांत असलेल्या घरांत मात्र उलट घडलं. मला ते पटतं. तिथे मुलांना आधी काहीच चाहूल लागलेली नसते.

म्हणून आपण वेगळे होतोय हे मुलांना सांगणं महत्त्वाचं, जमलं तर दोघांनी मिळून. चार-पाच वर्षांचं मूल अनेकदा घडलेल्याचं कारण स्वतःत शोधतं: मी हट्ट केला, म्हणून बाबा गेले. "यात तुझी काहीच चूक नाही" हे त्याला एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. राहायचं कुठे, शाळा तीच का, आजीकडे कधी जायचं, हेही स्पष्ट हवं. फीचा निरोप मुलाच्या हाती नको, थेट फोनवर द्या. आणि रागाच्या भरात "अगदी बापावर गेलास" म्हणू नका; त्याला ते स्वतःच्या अर्ध्या अंगाबद्दल ऐकू येतं.

हे शिकता येतं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये घटस्फोटित आयांसाठी काही आठवड्यांचे वर्ग घेतले गेले: मुलासोबत निवांत वेळ, मधे न तोडता ऐकणं, शिस्तीत सातत्य, त्याच्यासमोर भांडण नाही. सहा वर्षांनी, ती मुलं ऐन पौगंडावस्थेत असताना, त्यांच्यात मानसिक आजारांचं प्रमाण, वर्ग न केलेल्या घटस्फोटित आयांच्या मुलांपेक्षा कमी आढळलं.