लुळा पडलेला हात आणि उसना मज्जातंतू: ब्रेकियल प्लेक्ससवरील शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

नागपूरच्या मेडिकल आणि मेयो रुग्णालयांत गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्यापासून अपघातग्रस्त येतात, आणि त्यांत दुचाकीवरून फेकल्या गेलेल्या अशा तरुणांचाही समावेश असतो, ज्यांचे मोडलेले हाड जुळते पण हात खांद्यापासून लोंबकळतच राहतो. घरचे लोक ‘हाताची नस गेली’ एवढेच सांगतात. प्रत्यक्षात इजा झालेली असते ती मानेतून निघून काखेतून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससला. मानेची खालची चार आणि छातीचे पहिले अशी पाच मुळे एकत्र येऊन हे जाळे तयार होते. माणूस खांद्यावर आदळला की डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो, आणि ताण जास्त असेल तर ही मुळे तुटतात किंवा थेट मज्जारज्जूतून उपटून निघतात.

तुटणे आणि उपटणे यांतला हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. तुटलेल्या मज्जातंतूचे टोक सापडते आणि ते जोडता येते, किंवा मधली फट पायातून घेतलेल्या मज्जातंतूच्या तुकड्याने भरता येते. उपटलेल्या मुळाला मात्र मज्जारज्जूच्या बाजूला जोडण्याजोगे टोकच उरत नाही.

या इजेचे वैद्यकीय वर्णन जुने आहे. फ्रान्समधील द्यूशेन यांनी 1872 मध्ये आणि जर्मनीतील एर्ब यांनी 1874 मध्ये जाळ्याच्या वरच्या भागाच्या लुळेपणाची नोंद केली, तर खालच्या भागाच्या लुळेपणाचे वर्णन ऑगस्टा क्लुम्पके यांनी 1885 मध्ये केले. इंग्लंडमधील थॉरबर्न यांनी जाळ्याची शिवण घातल्याचा अहवाल 1900 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर तीनच वर्षांनी हॅरिस आणि लो यांनी निकामी मूळ शेजारच्या चांगल्या मुळाला जोडण्याचा विचार मांडला, आणि 1913 मध्ये टटल यांनी मानेतील स्पायनल अ‍ॅक्सेसरी मज्जातंतू त्यासाठी वापरला. म्हणजे चालू मज्जातंतू बंद पडलेल्याकडे वळवण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. सूक्ष्मदर्शक आणि केसापेक्षाही बारीक धागा हाती येईपर्यंत तिला यश मात्र क्वचितच लाभले.

मधला काळ निराशेचा होता. दुसऱ्या महायुद्धातील जखमींवर काम करणारे सेडन यांनी मज्जातंतूंच्या इजांचे आजही वापरले जाणारे वर्गीकरण 1943 मध्ये दिले, आणि पुढे योमन यांच्यासह बरगड्यांमधले मज्जातंतू दंडाकडे वळवण्याचे प्रयत्नही केले. तरीही 1966 मध्ये पॅरिसला भरलेल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, जाळ्याची दुरुस्ती जवळजवळ अशक्य आहे आणि ती उपयुक्त ठरेल याची खात्री नाही, असाच निष्कर्ष निघाला. लुळा हात दंडातून कापून, खांदा जखडून कृत्रिम हात बसवणे हा त्या काळी गंभीरपणे सुचवला जाणारा उपाय होता. विशी-पंचविशीतल्या मुलाला हे ऐकावे लागत असे, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

सत्तरच्या दशकात मिलेसी, नाराकास आणि जपानी शल्यचिकित्सकांनी सूक्ष्मदर्शकाखालील कामातून हे चित्र पालटले, पण निर्णायक वळण आले ते 1994 मध्ये. पॅरिसच्या ओबर्लिन यांनी वरची दोन मुळे गेलेल्या चार रुग्णांचा अहवाल दिला. अशा रुग्णाचा पंजा चालतो, पण कोपर वाकत नाही. ओबर्लिन यांनी दंडाच्या आतल्या बाजूने जाणारा, करंगळीकडे उतरणारा अल्नर मज्जातंतू उघडला आणि त्यातील एकच तंतुगुच्छ वेगळा करून कोपर वाकवणाऱ्या बायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या शाखेला शिवला. हा गुच्छ निवडताना शल्यचिकित्सक प्रत्येक गुच्छाला विजेचा अगदी मंद स्पर्श देतो: मनगट वाकले तर तो गुच्छ घ्यायचा, बोटांचे बारीक स्नायू हलले तर तो राखायचा. मनगट वाकवणारे इतर तंतू शिल्लक असल्याने पंजाची ताकद सहसा जाणवण्याइतकी कमी होत नाही. पुढे काही महिन्यांनी रुग्णाला मूठ आवळायला सांगितले की बायसेप्स आकसू लागतो, आणि सरावाने मूठ न आवळताही कोपर वाकवणे मेंदू शिकतो. खांद्यासाठी स्पायनल अ‍ॅक्सेसरी मज्जातंतू खांद्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतूला जोडण्याची, आणि बँकॉकच्या लीचावेंगवाँग यांनी 2003 मध्ये मांडलेली, दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूच्या मज्जातंतूची शाखा खांद्यावरील डेल्टॉइड स्नायूकडे वळवण्याची पद्धत रूढ झाली.

स्नायूच्या इतक्या जवळ जोडणी का करायची, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. मज्जातंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, आणि संदेशाविना पडून राहिलेला स्नायू 12 ते 18 महिन्यांत मज्जातंतू स्वीकारण्याची क्षमता गमावतो. मानेपासून तळहातापर्यंतचे अंतर तोवर कापले जात नाही. दंडातील जोडणीपासून बायसेप्सपर्यंतचे अंतर मात्र काही महिन्यांतच पार होते. म्हणूनच शस्त्रक्रियेसाठी अपघातानंतरचे 3 ते 6 महिने सर्वांत चांगले मानतात.

विदर्भातल्या रुग्णाच्या दृष्टीने मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपघातानंतर आधी डोक्याची जखम आणि मोडलेली हाडे सांभाळली जातात, ते योग्यच आहे. पण नंतर ‘येईल हळूहळू’ या आशेवर मालिश आणि शेकात सहा-आठ महिने निघून जातात. इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी केलेली ईएमजी (स्नायूंतील विजेचे संदेश मोजणारी) तपासणी आणि मानेचा एमआरआय यांवरून मुळे उपटली आहेत का, याचा बराचसा अंदाज येतो. लुळ्या हातात सतत जळजळ आणि विजेसारख्या कळा येत असतील तर तीही उपटल्याची खूण असू शकते.

पाचही मुळे गेली असतील तर मार्ग अवघड आहे. शांघायचे गू युडोंग यांनी 1986 मध्ये दुसऱ्या, चांगल्या बाजूचे मानेचे सातवे मूळ आणून वापरले. स्नायूच निकामी झालेल्या उशिराच्या रुग्णांसाठी मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू रक्तवाहिन्यांसह दंडात बसवून त्याला नवा मज्जातंतू जोडतात. जपानच्या दोई यांनी अशा दोन स्नायूंच्या साहाय्याने कोपर वाकवण्याबरोबर वस्तू पकडण्याची शक्तीही परत आणण्याची पद्धत विकसित केली.