दीडपट पेजफाईलचा नियम आला कुठून? आभासी मेमरीची पार्श्वभूमी

जून महिना लागला की दाखल्यांसाठी कुडाळ-कणकवलीच्या सेवा केंद्रांत गर्दी होते. 4 जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर ब्राउझरचे दहा-बारा टॅब, स्कॅनर आणि पीडीएफ एकदम उघडले की डिस्कचा दिवा विझत नाही, माउसचा बाणही अडखळतो. मग कोणीतरी सांगतं, पेजफाईल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, रॅमच्या दीडपट करा. हा नियम रॅम महाग आणि थोडी होती तेव्हाचा. त्याने जागा वाढते, वेग वाढत नाही.

आभासी मेमरीचा, म्हणजे डिस्कची जागा मेमरीसारखी वापरण्याच्या या युक्तीचा, मूळ हेतूही वेग हा नव्हता. 1950च्या दशकात मोठा प्रोग्राम मेमरीत मावत नसे. त्याचे तुकडे कधी आत आणायचे, कधी बाहेर काढायचे हे प्रोग्रामरलाच लिहावं लागे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने घडवलेल्या अ‍ॅटलस संगणकाने 1962 मध्ये हे ओझं उतरवलं. त्यात मेमरीचे सारखे तुकडे पाडलेले होते; अशा तुकड्याला पेज म्हणत आणि प्रत्येक पेज 512 शब्दांचं (यंत्र एका वेळी हाताळतं त्या माहितीच्या घटकांचं) होतं. हवं ते पेज कोअर मेमरीत (तेव्हाची रॅम) नसेल तर यंत्र स्वतःच ते ड्रमवरून (तेव्हाची डिस्क) आणी. प्रोग्रामरला सगळी जागा सलग दिसे. फार मोठं काम होतं ते.

अडचण पुढे आली. एकाच वेळी बरेच प्रोग्राम चालवले की सगळा वेळ पेजांची ने-आण करण्यातच जाई. प्रोसेसर रिकामा दिसे, म्हणून यंत्रणा आणखी प्रोग्राम आत घेई आणि कोंडी वाढे. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये यावर ‘वर्किंग सेट’ची कल्पना मांडली: प्रोग्राम ज्या पेजांना सध्या वारंवार हात लावतो, तेवढी रॅममध्ये मावलीच पाहिजेत. केंद्रात मशीन अडकलं म्हणून तेच पोर्टल दुसऱ्या खिडकीत उघडलं जातं, तेव्हा नेमकी हीच कोंडी होते.

1985च्या इंटेल 80386 मुळे 4 केबीची पेजं टेबलावरच्या संगणकात आली. गणित मात्र तेच राहिलं. रॅमला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कला 10 मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. हजारात एकदाच डिस्ककडे जावं लागलं तरी सरासरी वेळ शंभरपट होतो. एसएसडीने ही दरी बरीच कमी केली, बुजवली नाही.

म्हणून आधी मोजावं. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीखाली ‘हार्ड फॉल्ट्स’, म्हणजे सेकंदाला किती वेळा पेज डिस्कवरून आणावं लागलं तो आकडा, पाहावेत. प्रोग्राम उघडताना आकडा उसळतो, ते चालतं. काम सुरू असताना तो सतत शेकड्यांत राहिला आणि रॅमही भरलेली असली तर रॅम कमी पडते आहे. रॅमची पट्टी घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये बसवलेली सगळी रॅम दिसते का, हेही बघा. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत पट्टीचे संपर्क मळतात आणि दोनपैकी एकच पट्टी ओळखली जाते. वीज काढून पट्टी उतरवावी, खोडरबराने संपर्क हलके पुसावेत, चुरा झटकून परत बसवावी.

पेजफाईल पूर्ण बंद करण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तो ऐकू नये. विंडोज प्रोग्रामना रॅम आणि पेजफाईल यांच्या बेरजेइतकीच जागा कबूल करतं; फाईल काढली की ही मर्यादा खाली येते आणि थोडी रॅम मोकळी असतानाही ब्राउझर बंद पडतो, अर्धा भरलेला अर्ज जातो. आकार विंडोजवरच सोडावा.