तीन नावा, एक नाव : 'खुकरी'ची पार्श्वभूमी

दीवला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका टेकाडावर काचेच्या घरात एक जहाज ठेवलेलं आहे. मूळ जहाजाची छोटी प्रतिकृती. मागे अरबी समुद्र. त्याच दीवमध्ये एक खरीखुरी, पोलादी, क्षेपणास्त्रं वाहिलेली युद्धनौकाही संग्रहालय म्हणून आणून ठेवली आहे. दोन्हींचं नाव 'खुकरी'. पाहुण्यांचा इथे हमखास घोळ होतो. 'बुडालेली ती हीच का? मग वर काढली कधी?' बुडालेली ती ही नव्हे. बुडालेली अजून तळाशीच आहे. आणि या दोघींच्या आधी आणखी एक 'कुकरी' होऊन गेली, तिचं तर कुणी नावही काढत नाही.

म्हणून सुरुवात त्या थोरलीपासून.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांपासून व्यापारी ताफे वाचवायला ब्रिटिशांनी फ्रिगेटचा, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांचा, एक मोठा वर्ग बांधला आणि त्यातल्या जहाजांना नद्यांची नावं दिली. त्यातली 'ट्रेंट' ब्रिस्टलमध्ये बांधली गेली आणि १९४३ मध्ये कामाला लागली. युद्ध संपल्यावर अशी जहाजं ब्रिटनला जड झाली. १९४६ मध्ये 'ट्रेंट' तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडे आली आणि तिचं बारसं पुन्हा झालं. नदीची 'कुकरी' झाली, म्हणजे गुरख्यांच्या कमरेचा तो वाकडा सुरा. सोबत आलेल्या तिच्या बहिणींनाही शस्त्रांचीच नावं मिळाली : 'तीर', 'नेझा', 'धनुष', 'शमशेर'.

वर्षभरात फाळणी आली. टेबलं-खुर्च्यांपासून तोफांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली, तशी जहाजांचीही. 'तीर' आणि 'कुकरी' भारताकडे राहिल्या, 'धनुष' आणि 'शमशेर' पाकिस्तानात गेल्या. नावं पाहून वाटणी करायला कुणाला सवड नव्हती. त्यामुळे स्लूप या छोट्या युद्धनौकांच्या जातीची 'गोदावरी'सुद्धा पाकिस्तानच्या वाट्याला गेली. ब्रह्मगिरीवरून निघणारी आपली गोदावरी कराचीत जाऊन 'सिंध' झाली, आणि 'नर्मदा' झाली 'झेलम'. तिकडे नावं बदलली, इकडे ती मोकळी झाली. पुढे १९८३ मध्ये माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या फ्रिगेटला 'गोदावरी' हे नाव देऊन नौदलाने ते घरी आणलं.

नौदलात नावाचं गणित असं चालतं. एका वेळी एका नावाचं एकच जहाज. ते निवृत्त झालं, बुडालं किंवा त्याचं नाव बदललं, की नाव मोकळं होतं आणि पुढच्या एखाद्या जहाजाला मिळू शकतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं, फक्त इथे निर्णय आत्याऐवजी नौदलाची नामकरण समिती घेते.

थोरली 'कुकरी' कुठल्याही लढाईत गाजली नाही. १९५१ मध्ये तिच्या तोफा उतरवून तिला समुद्राचा तळ मोजणारं सर्वेक्षण जहाज केलं आणि नाव ठेवलं 'इन्व्हेस्टिगेटर'. 'कुकरी' हे नाव मोकळं झालं.

ते लगेच लागणारही होतं. पन्नासच्या दशकात भारताने ब्रिटनकडून नव्या फ्रिगेट मागवल्या. त्यातल्या तीन 'ब्लॅकवुड' वर्गातल्या होत्या. हा वर्ग ब्रिटिशांनी हात आखडून, काटकसरीने बांधलेला. काम एकच, पाणबुड्या शोधायच्या आणि मारायच्या. प्रोपेलर एकच. लांबी सुमारे ९४ मीटर. तोफा म्हणाल तर तीन चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स, त्याही विमानांवर मारायला. मुख्य शस्त्र 'लिंबो' नावाच्या दोन उखळी तोफा, पाण्यात बाँब फेकणाऱ्या. त्यांचा पल्ला जेमतेम एक किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

ब्रिटिशांनी या वर्गाला आपल्या जुन्या दर्यावर्दी कप्तानांची नावं दिली होती. आपण दिली पात्यांची : 'खुकरी', 'किरपाण', 'कुठार'. 'कुकरी'चं 'खुकरी' झालं ते इथे, एका अक्षराच्या फरकाने. आइल ऑफ वाइटवरच्या काउझ गावी जे. सॅम्युएल व्हाइट यांच्या गोदीत २० नोव्हेंबर १९५६ रोजी 'खुकरी'चं जलावतरण झालं आणि १६ जुलै १९५८ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिच्या कुशीवर क्रमांक रंगवला होता एफ १४९. 'किरपाण'चा १४४, 'कुठार'चा १४६. या तिघींची मिळून चौदावी फ्रिगेट स्क्वाड्रन ओळखली जाऊ लागली, मुक्काम मुंबई.

१९७१ उजाडेपर्यंत ही जहाजं जुनी झाली होती आणि पाणबुड्या मात्र पुढे निघून गेल्या होत्या. पाकिस्तानने फ्रान्सकडून 'डाफ्ने' वर्गाच्या तीन नव्या पाणबुड्या घेतल्या. त्यातली एक 'हंगोर', नावाचा अर्थ शार्क. तिचे कमांडर होते अहमद तस्नीम, जे पुढे व्हाइस ॲडमिरल झाले.

भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं, आणि डिसेंबरचा पहिला आठवडा भारतीय नौदलासाठी जल्लोषाचा होता. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर पहिला हल्ला केला, ८ तारखेच्या रात्री दुसरा. पूर्वेला पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी तळाला गेली होती. पण सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली कुणीतरी आहे, हे बिनतारी संदेशांच्या कानोशावरून मुंबईला कळलं होतं. ती पाणबुडी शोधून मारायची, म्हणून चौदाव्या स्क्वाड्रनला धाडलं. 'कुठार' बॉयलरच्या बिघाडामुळे बाद होती. निघाल्या दोघीच, 'खुकरी' आणि 'किरपाण'. स्क्वाड्रनचे प्रमुख आणि 'खुकरी'चे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. जन्म गोरखपूरचा, वय पंचेचाळीस.

आता तो एक किलोमीटरचा आकडा आठवा. 'लिंबो'ने मारायचं तर 'खुकरी'ला पाणबुडीच्या तेवढं जवळ जावं लागणार होतं. 'हंगोर' आपल्या सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, या दोन जहाजांच्या यंत्रांची घरघर कितीतरी आधीपासून ऐकत होती. पाणबुडी गप्प राहून नुसती ऐकते, फ्रिगेटला मात्र आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी परत येण्याची वाट पाहावी लागते. आपल्या उबदार समुद्रात पाण्याच्या थरांचं तापमान वेगवेगळं असतं. त्यामुळे ध्वनीची वाट वाकते आणि सोनारचा पल्ला आणखी आखडतो. म्हणजे शिकाऱ्याला सावज दिसण्याच्या कितीतरी आधी सावजाला शिकारी दिसत होता. त्यातून 'खुकरी'वर सोनारचा पल्ला वाढवणारं एक नवं उपकरण चाचणीसाठी बसवलेलं होतं, आणि ते नीट चालावं म्हणून जहाजाचा वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीच्या भागात संथ चालू नये, हा नियम नौदलातल्या प्रत्येकाला पाठ असतो. हा धोका पत्करणं चूक होतं की बरोबर, यावर पुढे बरीच चर्चा झाली. माझ्या मते मूळ दुखणं वेगाचं नव्हतंच. वीस वर्षांपूर्वीच्या पाणबुड्यांसाठी बेतलेलं जहाज नव्या पाणबुडीवर पाठवावं लागलं, कारण पाठवायला दुसरं फारसं काही हाताशी नव्हतं.

९ डिसेंबरची रात्र. दीवच्या नैर्ऋत्येला सुमारे चाळीस सागरी मैल. साडेआठ-पावणेनऊचा सुमार. 'हंगोर'ने पहिला पाणतीर (टॉर्पेडो) 'किरपाण'वर सोडला, तो फुटलाच नाही. दुसरा 'खुकरी'वर सोडला. तो जहाजाच्या पोटाखाली फुटला, आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. काही मिनिटं म्हणजे किती, तर खालच्या मजल्यावरून अंधारात, तिरक्या झालेल्या शिड्यांवरून वर यायला लागतात त्याहून कमी. तिसरा पाणतीर 'किरपाण'वर होता. ती वळून, वेग घेऊन निसटली.

१८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. सहा अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. त्यांना दुसऱ्या दिवशी 'कच्छल'ने पाण्यातून उचललं. ही 'कच्छल' आपल्या वसईजवळच्या अर्नाळ्याचं नाव लावणाऱ्या 'अर्नाळा' वर्गातली.

कप्तान मुल्लांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिच्यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. त्यांनी स्वतःचं जीवरक्षक जॅकेट एका नौसैनिकाला दिलं. हे काम वाटतं त्यापेक्षा हळू होतं. पट्टे सोडायचे, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, त्याला पाण्यात ढकलायचं. बुडत्या जहाजाच्या त्या मोजक्या मिनिटांतली कितीतरी सेकंदं त्यात गेली असणार. आपण सुटण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ब्रिजवर असलेले कप्तान हेच वाचलेल्यांनी सांगितलेलं शेवटचं दृश्य. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर शत्रूच्या हल्ल्यात भारताने गमावलेली ही एकमेव युद्धनौका, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली जगातली पहिली.

पुढचे काही दिवस नौदलाने 'हंगोर'साठी समुद्र घुसळला. ती हाती लागली नाही, कराचीला पोचली. कराचीवरचा ठरलेला तिसरा हल्लाही या गडबडीत बारगळला.

आणि थोरली? 'इन्व्हेस्टिगेटर' नाव लावून ती तेव्हाही तरंगत होती. धाकटी तळाशी गेल्यावर चार वर्षांनी, १९७५ मध्ये ती भंगारात निघाली.

बुडालेल्या जहाजाचं नाव पुन्हा ठेवायचं का, हा प्रश्न दर्यावर्दी लोकांत हळवा असतो. आपल्याकडे घरात एखादं मूल अकाली गेलं की ते नाव पुन्हा ठेवायला धजत नाहीत. नौदलाची रीत मात्र उलटी आहे. १९८५ मध्ये माझगाव डॉकमध्ये नव्या कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) वर्गातल्या पहिल्या जहाजाची पायाभरणी झाली. त्याला तेच नाव मिळालं आणि सगळा वर्गच 'खुकरी' वर्ग म्हणून ओळखला जाऊ लागला. पाठोपाठ 'कुठार', 'किरपाण' आणि 'खंजर' आल्या. म्हणजे चौदाव्या स्क्वाड्रनमधली सगळी भावंडं पुन्हा जन्माला आली, सोबत एक नवं पातं घेऊन. क्रमांकांकडेही पाहा. जुन्या १४९, १४४ आणि १४६ ची शेवटची दोन आकडी शेपटी नव्यांनी तशीच ठेवली : पी ४९, पी ४४, पी ४६.

२३ ऑगस्ट १९८९ रोजी नवी 'खुकरी' नौदलात दाखल झाली. त्या वेळी संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासोबत कप्तान मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला होत्या.

नाव तेच, पण जात बदलली. नवी 'खुकरी' पाणबुड्यांच्या मागे धावणारी नव्हती, जहाजांवर क्षेपणास्त्रं डागणारी होती. तिच्यावरची क्षेपणास्त्रं कराची पेटवणाऱ्यांच्याच घराण्यातली, पुढच्या पिढीतली. जिच्या नावामागे पाणबुडीने मारल्याचा इतिहास, तिचं स्वतःचं काम मात्र पाणबुडी शोधणं नव्हतंच. यात गंमत म्हणावी की धडा, मला ठरवता येत नाही. नौदलाला तेव्हा जी जागा भरायची होती ती जहाजाने भरली, नावाने आपली वेगळी जागा भरली, एवढंच.

बत्तीस वर्षं ती पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही ताफ्यांत राहिली. अठ्ठावीस कप्तान पाहिले. ६ लाख ४४ हजार सागरी मैलांवर प्रवास केला, म्हणजे पृथ्वी ते चंद्र या अंतराच्या तिप्पट. २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला सूर्यास्ताच्या वेळी तिचा नौदल ध्वज शेवटचा उतरवला गेला. एरवी अशा जहाजाची वाट भंगाराच्या धक्क्याकडे जाते, नाहीतर क्षेपणास्त्राच्या चाचणीचं लक्ष्य होण्याकडे. माझगावात बांधलेल्या पहिल्या 'नीलगिरी'च्या वाट्याला हे दुसरं आलं. 'खुकरी'ला दीव मिळालं. जानेवारी २०२२ मध्ये ती विशाखापट्टणमहून निघाली आणि २६ जानेवारीला दीव प्रशासनाच्या हवाली झाली. तिची बहीण 'किरपाण' २०२३ मध्ये व्हिएतनामला भेट दिली गेली.

दीवचं या कथेत असणं हा केवळ भूगोलाचा योग. १९७१ मध्ये हा इवलासा भाग गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशात होता आणि कारभार पणजीहून चालायचा. जहाज बुडालं ते दीवच्या समोरच्या पाण्यात, म्हणून स्मारक इथे. काचेतल्या प्रतिकृतीचं ते स्मारक १९९९ च्या डिसेंबरमध्ये उभं राहिलं.

समुद्रापलीकडेही नावांचा हाच व्यवहार चालू आहे. जुनी 'हंगोर' २००६ मध्ये निवृत्त झाली. कराचीच्या सागरी संग्रहालयात ती आजही पाहायला मिळते आणि तिथलं नौदल ९ डिसेंबर 'हंगोर दिन' म्हणून पाळतं. चीनकडून पाकिस्तान आठ नव्या पाणबुड्या घेतो आहे. त्या वर्गाचं नाव 'हंगोर', आणि एप्रिल २०२४ मध्ये वुहानला जिचं जलावतरण झालं त्या पहिल्या पाणबुडीचंही.

भारतात 'खुकरी' हे नाव २०२१ पासून पुन्हा मोकळं आहे.